एकाची थैली, अनेकांचा प्रवास : सामुदायिक सहलीच्या विम्यातील नुकसानभरपाईचा प्रश्न

कुटुंबातील एका व्यक्तीने खर्च करावा आणि सर्व परिवाराने मिळून प्रवासास निघावे, ही रीत महाराष्ट्रात नवी नाही. पूर्वी तीर्थयात्रेचा खर्च घरातील कर्ता पुरुष करीत असे. आज निवृत्त आजोबा नातवंडांसह परदेशच्या सहलीची रक्कम सहल कंपनीकडे भरतात, किंवा अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा पुण्यातील आई-वडिलांच्या आणि बहिणीच्या कुटुंबाच्या सहलीचे पैसे परस्पर चुकते करतो. देणारा आणि घेणारा यांपैकी कोणीही त्या रकमेचा हिशेब मांडीत नाही. किंबहुना तो मांडणे हेच कमीपणाचे समजले जाते. परंतु निघण्यापूर्वी कोणी आजारी पडले, प्रवास रद्द करावा लागला आणि विमा कंपनीपुढे दावा दाखल झाला, की हा न मांडलेला हिशेब मांडणे भाग पडते. कारण कंपनीचा प्रश्न असतो : पैसे कोणी भरले होते?

हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. वस्तुतः त्यात विमाशास्त्रातील एक मूलभूत तत्त्व आणि कुटुंबसंस्थेची एक जुनी प्रवृत्ती यांचा संघर्ष दडलेला आहे. कुटुंब पैसा एकत्र करते. विमापत्र तो माणसागणिक वाटून पाहते. या दोन हिशेबांमधील अंतरात अनेक प्रामाणिक दावे अडकून पडतात. त्या अंतराचे स्वरूप काय आणि ते कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक कल्पित उदाहरण

समजा, पुण्यातील एका निवृत्त गृहस्थांनी स्वतः, पत्नी, मुलगा, सून, दोन नातवंडे, मुलगी आणि जावई अशा आठ जणांसाठी दरडोई एक लाख याप्रमाणे आठ लाख रुपये भरून सिंगापूरची सहल ठरविली. आठही जणांची स्वतंत्र विमापत्रे घेतली गेली आणि त्यांचे हप्तेही त्यांनीच भरले. निघण्याच्या आधल्या आठवड्यात सुनेवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. ती आणि तिच्या शुश्रूषेसाठी तिचा पती असे दोघे मागे राहिले. उरलेले सहा जण प्रवासास गेले. सहल कंपनीने करारानुसार त्या दोघांच्या दोन लाखांपैकी १,२०,००० रुपये कापून घेतले.

ही रक्कम कोणी मागावी? सुनेने दावा केला तर तिचे आजारपण हे विमापत्रात नमूद केलेले कारण आहे. परंतु कंपनी म्हणेल की तिच्या पदरचा एक रुपयाही गेलेला नाही. सासऱ्यांनी दावा केला तर पैसा निःसंशय त्यांचा गेला आहे. परंतु त्यांचे विमापत्र त्यांच्या स्वतःच्या प्रवासाचे, आणि तो प्रवास तर निर्विघ्न पार पडला. एकाजवळ कारण आहे पण खर्च नाही. दुसऱ्याजवळ खर्च आहे पण कारण नाही. दाव्याच्या सिद्धीसाठी तीन गोष्टी एका ठिकाणी याव्या लागतात : विम्यात धरलेली आपत्ती, ज्याच्या नावे विमापत्र आहे ती व्यक्ती, आणि ज्याची थैली रिकामी झाली ती व्यक्ती. एकट्या प्रवाशाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी सहजच एकत्र असतात. कुटुंबाच्या सहलीत त्या विखुरतात, आणि आठ हप्ते भरूनही कोणालाच भरपाई न मिळण्याचा प्रसंग उद्भवतो.

प्रवासविम्याची तीन अंगे

ही अडचण प्रवासविम्याच्या सर्व अंगांना सारखी लागू पडत नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. प्रवासविम्याचा आरंभ माणसाच्या जिवाच्या विम्यापासून झाला. १८४९ साली लंडनमध्ये रेल्वे पॅसेंजर्स ॲशुअरन्स कंपनी स्थापन झाली आणि आगगाडीच्या तिकिटाबरोबरच अपघाताचा विमा विकला जाऊ लागला. पहिल्या वर्गाच्या प्रवाशास ३ पेन्समध्ये १,००० पौंडांचे, दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशास २ पेन्समध्ये ५०० पौंडांचे आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशास १ पेनीत २०० पौंडांचे संरक्षण मिळत असे. तिकिटाचे पैसे प्रवाशाने भरले की त्याच्या चुलत्याने, हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. कारण विमा देहाचा होता, तिकिटाचा नव्हता. आजही परदेशातील औषधोपचाराचा खर्च आणि अपघाती मृत्यूची भरपाई या अंगांना सहलीचा खर्च कोणी केला याच्याशी कर्तव्य नसते.

दुसरे अंग सामानाचे. आजीने नातीस दिलेला सोन्याचा गोफ प्रवासात चोरीस गेला, तर तो नातीने विकत घेतला नव्हता म्हणून तिचे नुकसानच झाले नाही, असे कोणी म्हणत नाही. वस्तू तिची होती, ती गेली, आणि तिच्या मूल्याइतके नुकसान झाले. मग सहलीची जागा हीसुद्धा आजोबांनी सुनेस दिलेली देणगीच नव्हे काय? ती गमावल्यावर तिचे नुकसान झाले नाही, असे का म्हणावे?

या शंकेचे उत्तर तिसऱ्या अंगाच्या, म्हणजे रद्दीकरणाच्या कलमाच्या शब्दरचनेत आहे. सामानाचा विमा वस्तूचे मूल्य मोजतो. रद्दीकरणाचा विमा सर्वसाधारणपणे सहलीचे मूल्य मोजीत नाही, तर केलेला खर्च मोजतो. 'विमेदाराने भरलेली किंवा भरण्यास तो कायद्याने बांधलेला असलेली, परत न मिळणारी रक्कम, त्याच्या स्वतःच्या हिश्शापुरती' अशा आशयाचे शब्द या कलमात बहुधा आढळतात. वादाचे मूळ या शब्दांत आहे. विमायोग्य हितसंबंधाचा प्रश्न येथे आडवा येत नाही. पैसे भरणाऱ्या आजोबांना सहल पार पडण्यात आर्थिक हितसंबंध आहेच. अडचण कायद्याच्या तत्त्वातून येत नाही; ती विमापत्रातील 'विमेदार' या शब्दाच्या व्याख्येतून आणि 'भरलेली' या क्रियापदाच्या कर्त्यातून येते.

क्षतिपूर्तीचे तत्त्व आणि त्याचा हेतू

या शब्दरचनेमागे जे तत्त्व उभे आहे ते क्षतिपूर्तीचे. विमेदारास झालेल्या नुकसानीइतकेच मिळावे, अधिक मिळू नये. इंग्लंडमधील कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या १८८३ सालच्या प्रसिद्ध निर्णयात हे तत्त्व ठामपणे मांडले गेले. तेथे घर विकण्याचा करार झाला होता. खरेदी पुरी होण्यापूर्वी घरास आग लागली आणि कराराची वार्ता नसलेल्या विमा कंपनीने मालकास ३३० पौंड दिले. पुढे खरेदीदाराने ठरलेली पूर्ण किंमत चुकती केली. मालकाची हानी अशा रीतीने मुळातच उरली नाही. म्हणून अपील न्यायालयाने त्यास विम्याची रक्कम परत करावयास लावली.

या निर्णयाचा हेतू ध्यानात घेतला की प्रस्तुत प्रश्नावर प्रकाश पडतो. आपत्तीतून नफा होऊ नये, हा तो हेतू होय. सुनेच्या विमापत्रावर १,२०,००० रुपये दिले गेले आणि तिने ते सासऱ्यांच्या हाती ठेवले, तर कोणासही नफा होत नाही. नुकसान एकदाच झाले, भरपाईही एकदाच मिळाली. तिने ती रक्कम स्वतःजवळ ठेवली तर तिला नफा झाला असे म्हणता येईल; परंतु या धोक्याचा परिहार सोपा आहे. भरपाई मूळ खर्च करणाऱ्यास द्यावी अशी संमती तिच्याकडून आणि दुसरा दावा न करण्याची हमी सासऱ्यांकडून घेतली की तत्त्वास बाध येत नाही. क्षतिपूर्तीचे तत्त्व हे अतिरिक्त भरपाई रोखणारे कुंपण आहे. खऱ्या नुकसानीस दार बंद करण्यासाठी ते उभारलेले नाही.

विमा कंपन्यांच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे. हप्ता प्रत्येक प्रवाशाच्या वयावर आणि प्रकृतीवर ठरतो. एका तरुणाच्या अल्प हप्त्याच्या विमापत्राखाली आठ जणांचा खर्च येऊ लागला तर त्या गणितास अर्थ उरत नाही. शिवाय एकाच नुकसानीसाठी देणारा आणि घेणारा अशा दोघांनी दावे केल्यास ते ओळखणे कठीण होते. 'स्वतःच्या हिश्शापुरती' ही मर्यादा यासाठी योग्यच आहे. परंतु हिश्शाची मर्यादा ही एक गोष्ट आणि तो हिस्सा कोणाच्या बँक खात्यातून गेला ही दुसरी गोष्ट. पहिलीने विम्याचा धोका ठरतो. दुसरीने तो तसूभरही बदलत नाही.

देणगी, उसनवारी आणि मध्यस्थी

पैसे भरण्याच्या कृतीचे कायदेशीर रूप काय, यावर बरेच अवलंबून असते. नातलगाने भरलेली रक्कम तीनपैकी एका प्रकारची असू शकते.

पहिला प्रकार मध्यस्थीचा. थोरल्या भावाने सर्वांच्या वतीने रक्कम भरली आणि प्रत्येकाने आपापला हिस्सा त्यास आगाऊ किंवा मागाहून दिला, तर तो केवळ प्रतिनिधी होय. पावतीवर नाव त्याचे असले तरी खर्च ज्याचा त्याचा. येथे हिश्शाची देवघेव दाखविणारा बँकेचा उतारा पुरेसा ठरावा.

दुसरा प्रकार उसनवारीचा. घेणाऱ्याने रक्कम फेडण्याचे बंधन पत्करले असेल, तर रक्कम कोणाच्याही हातून गेलेली असो, ऋण घेणाऱ्याच्या माथी आहे आणि नुकसानही त्याचेच. मात्र घरगुती वचन हे कायदेशीर बंधन असते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बाल्फोर विरुद्ध बाल्फोर या १९१९ सालच्या इंग्लिश निर्णयात, सिलोनमध्ये नोकरीस असलेल्या पतीने पत्नीस दरमहा ३० पौंड देण्याचे दिलेले वचन न्यायालयाने करार मानले नाही. पती-पत्नींमधील अशा व्यवहारांत कायद्याने बांधून घेण्याचा हेतू गृहीत धरता येत नाही, असे ठरले. उलट सिम्पकिन्स विरुद्ध पेज या १९५५ सालच्या दाव्यात आजी, नात आणि घरात भाड्याने राहणारी स्त्री यांनी मिळून वृत्तपत्रातील स्पर्धेत भाग घेतला असता, ७५० पौंडांच्या बक्षिसाची वाटणी करण्याचा त्यांचा समज बंधनकारक ठरला. म्हणजे नाते हे करारास सर्वस्वी बाधक नाही. हेतूचा पुरावा मात्र हवा. भारतात करार अधिनियम, १८७२ चे ७० वे कलम या बाबतीत साह्यभूत होते : एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर रीतीने काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणारा भरपाईस बांधलेला असतो.

तिसरा आणि सर्वांत सामान्य प्रकार देणगीचा, आणि खरी अडचण याच प्रकारात आहे. आजोबांनी सुनेच्या खात्यात एक लाख रुपये देऊन तिच्याकडून सहल कंपनीस ते भरविले असते, तर पैसा तिचा झाला असता, खर्च तिने केला असता आणि वाद उरला नसता. तीच रक्कम त्यांनी परस्पर भरली म्हणून दावा अडतो. दोन्ही प्रसंगी दात्याचा हेतू एक, घेणारी एक, रक्कम एक, नुकसान एक. बदलला तो केवळ पैशाचा मार्ग. इतक्या क्षुल्लक भेदावर हक्काचे असणे किंवा नसणे टांगून ठेवणे समर्थनीय वाटत नाही. देणगीकडे विमाकायदा एरवी अधिक आदराने पाहतो. बर्नान्ड विरुद्ध रोडोकॅनाची या १८८२ सालच्या प्रकरणात अलाबामा या युद्धनौकेने नष्ट केलेल्या मालाच्या मालकांस, विम्याखेरीज उरलेल्या नुकसानीदाखल, अमेरिकेच्या शासनाने रक्कम दिली होती. त्या रकमेवर विमा उतरविणाऱ्यांनी हक्क सांगितला, तो हाऊस ऑफ लॉर्ड्सने नाकारला. दात्याने ज्याच्यासाठी दिले त्याच्याचसाठी ते असते. तेथील देणगी नुकसानीनंतरची होती, येथील आधीची आहे, हा भेद खरा. तरीही दात्याच्या औदार्याचा लाभ विमा कंपनीने घेऊ नये, ही दृष्टी येथेही विचारार्ह आहे.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. नुकसान झाल्यावर मागील तारखेची उसनवारीची चिठ्ठी तयार करणे हा या अडचणीवरील उपाय नव्हे. ती फसवणूक होय, आणि तिच्यामुळे खरा दावाही धुळीस मिळू शकतो.

शब्दशः अर्थाची मर्यादा

'विमेदाराने भरलेली रक्कम' या शब्दांचा अक्षरशः अर्थ घेतल्यास काय होते, हे बालकांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वरील कुटुंबातील नातवंडे नऊ आणि सहा वर्षांची आहेत असे मानावे. कोणतेही सहा वर्षांचे मूल आपल्या सहलीचा खर्च स्वतः करीत नाही. तेव्हा त्याच्या विमापत्रातील रद्दीकरणाचे कलम जन्मतःच निष्फळ ठरेल. हप्ता घेतला जाईल, परंतु दावा देय होण्याची शक्यताच कधी असणार नाही. असा निष्फळ विमा विकण्याचा हेतू कंपनीचा होता, असे कंपनी स्वतःही म्हणणार नाही. म्हणून 'विमेदाराने भरलेली' याचा अर्थ 'विमेदाराने किंवा त्याच्यासाठी भरलेली' असा घेतल्यावाचून गत्यंतर नाही. बालकासाठी हा अर्थ मान्य केला, तर तेच शब्द सुनेच्या विमापत्रात निराळ्या अर्थाने कसे वाचावयाचे?

अर्थनिर्णयाचे नियम येथे विमेदारास अनुकूल आहेत. जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चांदमल जैन या १९६६ सालच्या निर्णयात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विमापत्रातील शब्द संदिग्ध असतील तर त्यांचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावावा; परंतु शब्द स्पष्ट असतील तर न्यायालयाने पक्षकारांसाठी नवा करार रचू नये. ब्रिटनमध्ये ग्राहक हक्क अधिनियम, २०१५ च्या ६९ व्या कलमाने ग्राहकास अधिकात अधिक अनुकूल असलेला अर्थ स्वीकारण्याचा नियम लिखित कायद्यात आणला आहे. या नियमांचे बळ आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात. 'भरलेली रक्कम' एवढेच शब्द असतील तर विमेदाराची बाजू भक्कम आहे. 'अन्य व्यक्तीने भरलेल्या रकमेची भरपाई मिळणार नाही' असे स्पष्ट लिहिलेले असेल तर न्यायबुद्धी कितीही हळहळली तरी दावा टिकणे कठीण.

सहल कंपनीविरुद्धचा हक्क

विमा कंपनीऐवजी सहल कंपनीचाच दोष असेल, तर कायद्याने पुष्कळ पुढची मजल मारली आहे. जॅक्सन विरुद्ध होरायझन हॉलिडेज या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात एका गृहस्थाने स्वतः, पत्नी आणि दोन लहान मुलांसाठी १,२०० पौंड देऊन सिलोनची सहल ठरविली होती. तेथील व्यवस्था वचनाप्रमाणे नव्हती. त्यास १,१०० पौंडांची भरपाई मिळाली. लॉर्ड डेनिंग यांनी असे प्रतिपादन केले की करार करणाऱ्यास कुटुंबियांच्या मनस्तापाचीही भरपाई मागता येते. मित्रांसाठी भोजन ठरविणारा यजमान आणि गायकवृंदासाठी बस ठरविणारा धर्मोपदेशक ही उदाहरणे त्यांनी दिली. पुढे १९८० साली वुडार प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्सने हे व्यापक प्रतिपादन स्वीकारले नाही. तथापि कौटुंबिक सहलीसारख्या करारांना वेगळी वागणूक देणे योग्य ठरेल, असे लॉर्ड विल्बरफोर्स यांनी नमूद केले. अखेरीस १९९९ च्या अधिनियमाने करारात नसलेल्या लाभार्थीस ठराविक परिस्थितीत स्वतः दावा करण्याचा हक्क इंग्लंडमध्ये दिला.

भारतात ही वाट काहीशी आधीच मोकळी झाली होती. करार अधिनियमाच्या २(ड) कलमानुसार प्रतिफल वचन घेणाऱ्यानेच दिले पाहिजे असे नाही, ते अन्य कोणीही देऊ शकतो. चिन्नया विरुद्ध रामय्या या १८८२ सालच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्णयात एका वृद्धेने मुलीस मालमत्ता दिली आणि त्या बदल्यात मुलीने मावशीस वार्षिक रक्कम देण्याचे लिहून दिले; प्रतिफल मावशीचे नसूनही तिचा दावा मान्य झाला. याच न्यायाने आजोबांनी हप्ता भरला म्हणून सुनेचे विमापत्र दुबळे होत नाही. पुढे ग्राहक संरक्षण कायद्याने पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाऱ्यासही ग्राहक मानले. २०१९ च्या अधिनियमाच्या २(७) कलमात हीच व्याख्या आहे. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्ण बालक आणि खर्च करणारे आई-वडील या दोघांनाही ग्राहक ठरवून दोघांच्याही भरपाईचा हक्क मान्य केला. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, हे कुटुंबाचे वास्तव सेवांच्या कायद्याने असे स्वीकारले आहे. रद्दीकरणाच्या विम्याची भाषा मात्र अद्याप एकट्या प्रवाशाचीच राहिली आहे.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे. नुकसान खरे असेल, ते एकदाच मागितले जात असेल आणि ते विमेदाराच्या स्वतःच्या जागेपुरते मर्यादित असेल, तर पैसा कोणाच्या थैलीतून आला हा प्रश्न भरपाई कोणाच्या हाती द्यावी एवढ्यापुरताच महत्त्वाचा मानला पाहिजे. भरपाई द्यावी की नाही याचा निर्णय त्यावर अवलंबून ठेवणे क्षतिपूर्तीच्या तत्त्वास आवश्यक नाही. शब्दांत संदिग्धता असेल तेथे न्यायालयांनी आणि विमा लोकपालांनी हा अर्थ स्वीकारणे उचित होईल.

परंतु न्यायाच्या अपेक्षेवर विसंबून राहण्यापेक्षा विमापत्र घेतानाच ही त्रुटी दूर करणे श्रेयस्कर. सर्व प्रवासी एकाच सामुदायिक विमापत्रात नोंदवून कोणाच्याही वतीने भरलेला खर्च त्यात धरला आहे असे कंपनीकडून लेखी घेणे, रक्कम देणगी म्हणून द्यावयाची असल्यास ती आधी घेणाऱ्याच्या खात्यात देणे, उसनवारी असल्यास तसे त्याच वेळी लिहून ठेवणे, आणि सहल कंपनीकडून प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र पावती घेणे, हे उपाय अल्पश्रमाचे आहेत. जो स्वतः प्रवास करणार नाही अशा दात्याने तर आपले नाव विमापत्रात नाही हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या माणसांत हिशेब नको, ही भावना सुंदर आहे. मात्र जेथे तिसरा पक्ष करारात येतो, तेथे आधी केलेल्या चार ओळींच्या नोंदीने त्या भावनेचेच रक्षण होते; अन्यथा आजारातून नुकत्याच उठलेल्या सुनेवर, सासऱ्यांची आयुष्यभराची शिल्लक आपल्यापायी बुडाली, असे मानण्याची वेळ येते.